राजमतीचा नमुना

भूपाल मगदूम प्रयोगशाळेच्या दारात आले आणि सवयीनं ओरडले, "सेव्ह केलं का?"

कुणी मान वर केली नाही. मागच्या रांगेतून सौरभ चौगुले तेवढा बोलला. "सर, तुम्ही असं विचारलं की मला आमचा आज्जा आठवतोय. तो अजून गच्चीवर अँटेना फिरवायला जातोय."

वर्ग हसला. मगदूमही हसले आणि रांगांमधून फिरू लागले. हल्ली त्यांना एका जागी बसवत नसे. राजमती गेल्यापासून घरातही तसंच. पंखा लावायचा, बंद करायचा, पाणी प्यायला उठायचं आणि भांडं हातात घेऊन गॅलरीत जाऊन उभं राहायचं.

मुलांचं चुकत नव्हतं. सेव्ह करणं हे काम आता उरलंच नव्हतं. इचलकरंजीच्या या वस्त्ररचना महाविद्यालयात मुलं संगणकावर कापड विणत. त्यात कापडाचा एकेक धागा खऱ्यासारखा वागे. त्याला पीळ असे, ताण असे, धुतल्यावर तो किती आखडेल तेही कळे. त्यामुळे एका चादरीची फाइल एवढी मोठी होई की कॉलेजच्या डिस्क पुरेनात. रोजच्या प्रती ठेवणं परवडेना. तेव्हा कॉलेजनं 'राखण' घेतली.

राखण फाइल साठवत नसे. मुलगा काम करताना ती बघत असे. तो कुठं अडतो, काय खोडतो, कुठला रंग आधी उचलतो, कुठून मागं फिरतो. यातून तिच्याकडं जे उरे त्याला कंपनीवाले 'वळण' म्हणत. अक्षराला वळण असतं तसं कामाचं वळण. ते अगदी थोड्या जागेत मावे आणि मागितलं की त्यातून मूळ काम पुन्हा उगवून येई. कंपनीचा इंजिनिअर तेजस ओगले पहिल्या दिवशी म्हणाला होता, "धान्याची पोती ठेवायची नाहीत सर. बी ठेवायचं."

मगदूमांनी तेव्हा मागच्या वर्षांची पुरी झालेली कामं घेऊन राखणीची परीक्षा घेतली होती. धागा न् धागा जुळला होता. अर्धवट काम देऊन बघावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अर्धवट कामाला कोण विचारतो?

तरीही मगदूमांनी चालू सत्राची कामं जुन्या पद्धतीनं डिस्कवर ठेवली होती. एक मूळ, एक राखीव प्रत. दोन्ही एकाच कपाटात, कारण थंड हवेची खोली एकच होती आणि तिथलं थंडाईचं यंत्र एका गिरणीमालकानं वडिलांच्या नावे दिलं होतं. दारावर संगमरवरी पाटी होती. कॉलेजात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते कपाट दाखवावं लागे, म्हणून दोन्ही डिस्क तिथंच, एकीवर एक.

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, कॉलेजमागचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून उडाला. विजेचा दाब चढला आणि कपाटातून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मूळ गेली आणि राखीवही गेली. दारावरची पाटी तेवढी स्वच्छ राहिली.

त्या डिस्कवर चाळीसएक मुलांचं वर्ष होतं आणि राजमतीचं कामही होतं.

राजमती त्यांची बायको. मुलीचं, प्राचीचं लग्न झालं, ती बेळगावला गेली आणि पन्नाशी उलटलेल्या राजमतीनं याच कॉलेजात नाव घातलं. "तुम्ही मला शिकवायचं नाही," तिनं बजावलं होतं. "वर्गात दिसलात तर मी ओळख दाखवणार नाही." पोरांच्या बरोबरीनं ती माग चालवायला शिकली, संगणकावर वीण बसवायला शिकली. शेवटच्या वर्षाला तिनं दोन ऋतूंची चादर घेतली होती, दुपदरी. दिवाळीत दुखणं निघालं, संक्रांतीआधी ती गेली. काम अर्धं राहिलं. मगदूमांनी ती फाइल उघडून बघितली नव्हती. उघडता येते एवढं त्यांना पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राखणीनं सगळी कामं परत उगवून दिली. मुलं नाचली. कुणीतरी पेढे आणले. सौरभ आपला पडदा बघत बसला होता, तोंड उघडं.

"काय रे, सगळं आलं ना?" मगदूमांनी विचारलं.

"आलं की सर." सौरभनं पेढा तोंडात टाकला. "माझं काम एवढं चांगलं हाय हे मलाच म्हाईत नव्हतं."

मगदूम परत आलेल्या कामांची यादी बघत होते. प्रत्येक नावापुढं एकच शब्द होता. राजमती भूपाल मगदूम, पूर्ण. त्यांची नजर तिथं अडकली. त्यांनी पडदा बंद केला, खिडकी उघडली, पुन्हा लावली.

"सर, एक मिनिट बोलू?"

दारात रेहाना मोमीन उभी होती. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी मुलगी. राजमती आणि ती नमुन्याच्या एकाच हातमागावर आलटून पालटून बसत, आणि ती राजमतीला काकू म्हणायची.

"बोल की."

"सर, ते माझं नाही."

"काय?"

"जे परत आलंय ते. मी चादरीचा मधला भाग मोकळा सोडला होता. मला सुचतच नव्हतं. रोज यायची, बघायची, जायची. आता तिथं भरलंय सगळं. पानं आहेत, वेल आहे."

"वाईट आहे का?"

"चांगलं आहे." तिचा आवाज चढला. "माझ्यासारखंच आहे. मी केलं असतं तर कदाचित तसंच केलं असतं. पण मी केलं नाही ना, सर."

मगदूम खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. "बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं पुरं झालंय. सौरभनं तर नाव आणि पहिला काठ एवढंच केलं होतं. तो आता स्वतःचंच काम वाचून पाठ करतोय." तिनं मागं वळून बघितलं. "कुणी बोलणार नाही सर. बोलून कोण स्वतःचं नुकसान करून घेईल?"

"मग तू का बोलतेस?"

"मला ते बघवत नाही." ती म्हणाली. "रात्री झोपून उठावं आणि कुणीतरी आपल्या अंगात शर्ट घालून ठेवलेला असावा, तसं वाटतंय."

तेजस ओगलेला मगदूमांनी पडद्यावर गाठलं. तो कुठल्यातरी विमानतळावर होता, हातात वडापाव.

"सर, अभिनंदन! शंभर टक्के परत आलं."

"शंभराच्या वर आलंय. जे केलं नव्हतं तेही आलंय."

तेजसनं खाणं थांबवलं. मगदूमांनी सांगितलं ते त्यानं नीट ऐकलं. मग म्हणाला, "असं होऊ शकतं. राखणीला अर्धं म्हणजे काय ते कळत नाही. वळण म्हणजे चाल. एकदा चालायला लागली की ती शेवटापर्यंत जाते."

"पण माणूस मधेच थांबला असेल तर?"

"तो थांबतो. ती थांबत नाही."

हे वाक्य मगदूमांच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं.

"सोमवारी तुमची सही लागेल," तेजस पुढं म्हणाला. "परत आलेली कामं मूळ कामांशी जुळतात असा दाखला. तुम्ही प्रयोगशाळेचे प्रमुख. सही झाली की विषय संपला, परीक्षा होईल."

"आणि जुळत नाहीत म्हटलं तर?"

"तर कंपनीचा नियम कडक आहे. चुकीची उगवण झालेली कामं पुसतात आणि ज्या वळणातून ती आली तेही पुसतात. बिघडलेलं बी ठेवत नाहीत. आणि सर..." त्यानं आवाज खाली आणला. "यादीत मॅडमचं नाव बघितलं मी. नीट विचार करा."

मगदूम घरी आले. उन्हं अजून होती. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. राजमती होती तोवर त्यानंतरची संध्याकाळ लहान वाटे. आता जेवण झालं की समोर नुसता लांबच लांब वेळ पडलेला असे. त्यांनी ताट घासलं. पुसलं. पुन्हा घासलं.

प्राचीचा फोन आला. "आप्पा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"अगं, जेवलो म्हटलं ना."

"म्हणजे दहीभात." ती हसली. मग जरा अडखळून म्हणाली, "कॉलेजात जळालं म्हणे काहीतरी. आईचं काम त्यात होतं ना? परत आलं का?"

"बघतो," मगदूम म्हणाले. "बघून सांगतो."

फोन ठेवला आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. खिडकीतून अजून पिवळा उजेड येत होता. त्यांनी राजमतीची फाइल उघडली.

चादर पुरी झाली होती. एका बाजूला गडद निळा, दुसऱ्या बाजूला राखाडी, काठाला राजमतीच्या आवडीची करवतकाठीसारखी दातेरी नक्षी. खाली 'निवेदन' असं एक बटण होतं. प्रत्येकाला शेवटी आपल्या कामाबद्दल तोंडी निवेदन द्यावं लागे. राजमतीनं ते कधी दिलं नव्हतं. तेवढं पुढं ती पोचलीच नव्हती. फक्त रोज काम संपलं की फाइलमध्ये दोन वाक्यं बोलून ठेवायची, बस.

मगदूमांनी बटण दाबलं.

"नमस्कार. आता बघा हं," राजमती म्हणाली. "ही चादर दोन ऋतूंची आहे. निळी बाजू वर घेतली की ऊब, उलटी केली की गारवा. दोन चादरी घडी करून ठेवायला कपाटात जागा नाही, म्हणून ही केली. लहान घरातल्या बायकांना हे पटेल."

आवाजात धाप नव्हती. शेवटच्या महिन्यांत एक वाक्य बोलायला ती दोनदा थांबायची. हा त्याआधीचा आवाज होता.

"माझे यजमान याच कॉलेजात आहेत. सगळ्यांना वाटतंय त्यांनीच करून दिलं. तर सांगून ठेवते, एका धाग्याची मदत केली नाही त्यांनी. उलट घरी चहासुद्धा मीच करत होते."

मगदूम मोठ्यानं हसले. रिकाम्या घरात स्वतःचंच हसणं ऐकून ते दचकले. हे ती बोलली होती का? की हे तिनं म्हटलं असतं असं यंत्रानं ठरवलं होतं? त्यांनी पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. दर वेळी हसू तिथंच येत होतं, आणि दर वेळी हसताना जरा जास्त भीती वाटत होती.

पाणी घ्यायला ते स्वयंपाकघरात गेले. मिक्सरवर एक चौकोनी फडकं टाकलेलं होतं. रोजच दिसायचं. आज त्यांनी ते उचललं. निळं. उलटं केलं, राखाडी. कोपऱ्यात हळदीचा डाग.

तो राजमतीचा नमुना होता.

कॉलेजचा जुना रिवाज होता. संगणकावर कितीही विणा, हातमागावर वीतभर नमुना काढल्याशिवाय काम मान्य होत नसे. राजमतीनं तो अर्ध्यावरच कापून घरी आणला होता. "झाकायला बरं आहे," म्हणाली होती. म्हणजे इथं, मिक्सरवर, तिच्या कामाची एक प्रत होती. जी राखणीनं पाहिली नव्हती आणि विजेनं जळली नव्हती.

रविवारी दुपारी त्यांनी रेहानाला प्रयोगशाळेत बोलावलं. ती आधीच आलेली होती, स्वतःचा नमुना टेबलावर पसरून. हातात सुई आणि भिंग.

"उकलतेस?"

"हो की. नाहीतर सोमवारी कुणाला पटणार?" तिनं एक धागा ओढून बाजूला ठेवला. कापडातली वीण शोधायचा हा पहिल्या वर्षाचा धडा. आडवा धागा सोडवायचा, तो कशावरून आणि कशाखालून गेला ते बघायचं, मग पुढचा. कॅमेऱ्याला वरचा पदर दिसतो. दुपदरी कापडाच्या आत काय बांधलंय ते उकलल्याशिवाय कळत नाही. आणि उकललं की कापड राहत नाही.

मगदूमांनी खिशातून निळं फडकं काढलं. रेहानानं ते लगेच ओळखलं.

"काकूंचं!" मग तिनं त्यांच्याकडं बघितलं. "सर, नका उकलू. माझं मी परत विणीन."

"रेहाना, एक विचारू? राजमती कधी असं म्हणायची का, की मी तिला एका धाग्याची मदत केली नाही?"

रेहाना हसली. "अहो सर, रोज. चहासुद्धा मीच करते, हे पण. तुमच्या तोंडावर नाही म्हणायच्या?"

"नाही."

"आम्हाला पाठ होतं ते."

मगदूम टेबलापासून दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणजे ते वाक्य खरं होतं. यंत्रानं बनवलं नव्हतं. घरात त्यांना कधीच न मिळालेलं असं काहीतरी त्या वळणात होतं, आणि उद्या ते पुसायचं की ठेवायचं हे त्यांच्या सहीवर होतं.

"मग राखणीचंच खरं म्हणायचं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले.

"काय सर?"

"काही नाही. भिंग दे."

वरचा पदर राखणीच्या चादरीशी जुळत गेला. एक धागा सोडवायचा, पडद्यावर बघायचं, जुळला. पुढचा, जुळला. मगदूमांना वाटायला लागलं की आपण उगाच कापड मोडतोय. मग दोन पदरांच्या आतली जागा लागली. पडद्यावर तिथं साधं राखाडी सूत होतं, दोन्ही पदर जोडणारं, कुणाला कधी न दिसणारं.

कापडात तिथं लाल होतं. मग पिवळं, मग हिरवं. मगदूमांनी धागा ओढला तर तो अडकला. भिंगातून बघितलं. गाठ होती. बोटभर लाल सूत, गाठ, बोटभर पिवळं, गाठ.

"उरलेलं सूत," रेहाना वाकून म्हणाली. "कांड्यांवरचं. हे कुणी वापरत नाही, फेकून देतात."

कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. मगदूमांना आठवलं, तसं ते रेहानाला सांगत गेले. राजमतीची आई कारखान्यात कांड्या भरायची. नळ्यांवर उरलेलं सूत ती घरी आणायची आणि गाठी मारून मारून त्याची अंथरुणं करायची. लग्नानंतर राजमतीनं एकदा सांगितलं होतं, शाळेत मुली हसायच्या म्हणून तिला ती अंथरुणं नको वाटायची. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नव्हता.

"त्यांची आई कांडीवाली होती?" रेहाना म्हणाली. "माझी नानीपण. काकू कधीच बोलल्या नाहीत मला. रोज शेजारी बसायच्या."

"इथं कुणालाच बोलली नाही."

"आणि हे संगणकावर नव्हतंच सर. बघा, फाइलमध्ये गाठ कुठं असते? हे त्यांनी मागावर बसून केलं. मी जेवायला गेले की."

मगदूमांनी पुढचा धागा सोडवला. एक गाठ हातात सुटली आणि सुताचा तुकडा जमिनीवर पडला. तो शोधायला ते गुडघ्यांवर बसले. सापडला. उठता उठेना. टेबलाच्या काठाला धरून ते तसेच राहिले.

"सर, पुरे," रेहाना हळू म्हणाली. "कळायला एवढं पुरे आहे."

नमुन्याचा अर्धा भाग उरला होता. सुटलेलं सूत मगदूमांनी एका रिकाम्या कांडीवर गुंडाळलं, गाठी न सोडवता, जसं आलं तसं.

सोमवारी प्राचार्या बेडकिहाळ यांच्या खोलीत रेहानाचा उकललेला नमुना आणि राखणीची चादर शेजारी शेजारी ठेवली गेली. मॅडमनी दोन्ही बघितली आणि चष्मा काढला.

"मगदूम सर, मला कळतंय. पण चाळीस पोरांना सांगायचं काय? तुमचं काम तुमचं नाही म्हणून?"

"हो. नमुने आहेत सगळ्यांकडं. उकलू दे. जेवढं केलंय तेवढं परत मिळेल, पुढचं करायला मुदत द्या."

"सौरभसारख्यांचं काय? त्यांच्या नमुन्यात काही नसेलच."

"मग काही नाही एवढं तरी त्याला कळेल."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "पोरं तुम्हाला शिव्या घालतील."

"घालू देत."

मगदूमांनी दाखल्यावर लिहिलं, कामे मूळ कामांशी जुळत नाहीत. सही केली. तेजसनं मग त्यांना एकट्याला फोन केला. राजमती मॅडमचं वळण वेगळं काढून ठेवता येईल, तो म्हणाला. त्या आता विद्यार्थी नाहीत, परीक्षेचा संबंध नाही. मगदूमांकडून गाठींचं कळल्यावर तो म्हणाला, ते सूत आणि कापड स्कॅन करून दिलं तर वळण आणखी सुधारेल. "पुढच्या वेळी गाठीसुद्धा येतील सर. अगदी त्यांच्यासारख्या."

"पुढच्या वेळी म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जेव्हा मागाल तेव्हा."

मगदूम गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते. खाली मुलं उभी होती. सौरभ कुणालातरी हातवारे करून सांगत होता, बहुतेक त्यांच्याबद्दलच. त्या पोरांचं सगळं पुसायचं आणि आपलं तेवढं ठेवायचं, हे त्यांना जमेना.

"नको," ते म्हणाले. "सगळ्यांचं करताय तसंच करा."

"नक्की?"

"अरे बाबा, नक्की. परत विचारू नकोस."

संध्याकाळी यादी रिकामी झाली. मगदूम लवकर जेवले आणि बराच वेळ रस्त्यावरून फिरत राहिले.

प्रयोगशाळेच्या कामासाठी आता पुन्हा डिस्क आल्या होत्या, तीन ठिकाणी तीन. एक कपाटात, एक ग्रंथालयात, एक प्राचार्यांच्या घरी. मुलं नमुने उकलत, शिव्या देत, पुन्हा विणत. सौरभ पहिल्यांदाच उशिरापर्यंत थांबत होता. त्याची चादर वाकडीतिकडी येत होती. तो दर थोड्या वेळानं हात वर करायचा. "सर, सेव्ह कसं करायचं ते परत दाखवा की."

शनिवारी प्राची बेळगावहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "आईचं काम बघू."

मगदूमांनी सगळं सांगितलं. ट्रान्सफॉर्मर, पूर्ण हा शब्द, रेहाना, सही. आवाजाबद्दलही सांगितलं.

प्राचीनं पिशवी खाली ठेवली.

"तिचा आवाज होता?"

"तिचा नव्हता गं. यंत्रानं..."

"चहा मीच करत होते, असं म्हणाली?"

"हो."

"मला फोनवर हेच म्हणायची. नेहमी." प्राचीचे डोळे भरले, पण ती रडली नाही, चिडली. "मला एकदा ऐकवायचं तरी आप्पा. एकदा. तुमच्या एकट्याचीच होती का ती?"

मगदूमांना आता कळलं. रेहानाला विचारलं, मॅडमना पटवलं, इंजिनिअरशी भांडलो. ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं तिला सांगितलं फक्त बघतो म्हणून. ते उठून उभे राहिले, पंख्याच्या बटणापर्यंत गेले आणि पंखा न लावताच परत आले. मग टेबलावर त्यांनी कांडी ठेवली, रंगीत, गाठीगाठींची. शेजारी उरलेला अर्धा नमुना.

"एवढंच आहे," ते म्हणाले.

प्राचीनं कांडी हातात घेतली. सूत बोटांवर फिरवून गाठी चाचपल्या. "आज्जीच्या अंथरुणासारखं," ती पुटपुटली. "मी लहानपणी तिच्याकडं झोपायची त्यावर. आईला चालायचं नाही." मग तिनं नमुना उजेडाकडं धरला. निळा, राखाडी, हळदीचा डाग. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं.

"तिनं हे आत का घातलं आप्पा? राहावं म्हणून, की कुणाला दिसू नये म्हणून?"

"माहीत नाही."

"आणि ह्या राहिलेल्यात काय आहे?"

"तेही माहीत नाही. गाठीच असतील. नसतीलही. शेवटी शेवटी तिनं काय केलं ते रेहानालाही ठाऊक नाही. उकललं तर कळेल."

"मग कापड राहणार नाही."

"नाही."

प्राचीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. सुई कुठं असते ते तिला माहीत होतं, आईच्या जागी, टेबलाच्या खणात. तिनं ती काढली. मगदूम आज पहिल्यांदा न उठता बसून राहिले. सुईचं टोक तिनं कापडाच्या काठाशी नेलं, पहिल्या धाग्याखाली सरकवलं आणि ओढलं नाही. मान वर करून वडिलांकडं बघितलं.

"उकलू, आप्पा?"